जंगलाला हापूस चालत नाही

ओरेगनात राहायचं आणि क्रेटर लेकला जायचं नाही, म्हणजे नाशकात राहून गंगेवर न जाण्यासारखंच! त्यामुळे भारतातून आई-बाबा आले, की आमची तिकडे एक फेरी ठरलेली. निळंशार पाणी बघायचं, काठावर फोटो काढायचे, डब्यातली पोळी-भाजी खायची आणि परत फिरायचं. गेल्या उन्हाळ्यात मात्र बाबांनी तळ्याकडे पाठ केली आणि विचारलं, "अरे, ही झाडं कशाने वाळली?"

आम्हांला सांगता येईना. इतक्या वेळा आलो, पण झाडांकडे कधी बघितलंच नव्हतं. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळलं ते असं.

काठावरची ती वाकडीतिकडी, राखाडी पडलेली झाडं म्हणजे व्हाइटबार्क पाइन. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिमेकडच्या उंच डोंगरांवर, जिथे बाकीची झाडं हात टेकतात, तिथे हे वाढतं. हजार वर्षांहूनही जास्त जगू शकतं. त्याचा शंकू आपणहून उघडत नाही. क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा पक्षी चोचीने बिया काढतो, हिवाळ्यासाठी जमिनीत पुरतो, आणि ज्या खायच्या राहतात त्यांतून नवी रोपं येतात.

१९१०च्या सुमारास युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर एक बुरशी व्हँकूवरला उतरली. तिचं नाव ब्लिस्टर रस्ट. आपल्याकडे गव्हावर तांबेरा पडतो ना, त्याच कुळातली. इथल्या झाडांना ती सर्वस्वी नवी होती. त्यात हिवाळे सौम्य झाले. पूर्वी कडाक्याच्या थंडीत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या मरायच्या, त्या आता उंचावरही जगू लागल्या. हवा तापली की झाडांच्या जाती हळूहळू वर सरकतात म्हणे. पण जे आधीच माथ्यावर आहे, त्याने जायचं कुठे? डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकन सरकारने या झाडाची नोंद धोक्यात आलेल्या जातींत केली.

यावर काम चालतं ते आपल्या जवळच, कॉटेज ग्रोव्हपाशी. डोरेना इथे वनखात्याचं केंद्र १९६६पासून आहे. रोगाची साथ येऊनही जी झाडं धडधाकट दिसतात, त्यांच्या शंकूंना माणसं झाडावर चढून जाळीचे पिंजरे बांधतात, नाहीतर सगळं बी पक्ष्याच्या पोटात! प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून रोपं करतात. मग ती रोपं धुकं भरलेल्या खोलीत ठेवून वरून मुद्दाम रोगाचे बीजाणू पाडतात आणि पुढे काही वर्षं लक्ष ठेवतात. एका झाडाची जवळजवळ सगळी पोरं मरतात, दुसऱ्याची बरीचशी तगतात. आईबाप झाडं मात्र वरून सारखीच निरोगी दिसत असतात.

आम्ही पडलो इंजिनिअर. एम.एस. केलं, नोकऱ्या केल्या, त्या उत्तम नमुना निवडून त्याच्या हजार प्रती काढण्यातच. म्हटलं, "मग सगळ्यात चिवट झाड निवडायचं आणि तेच लावायचं सगळीकडे!"

बाबा हसले. म्हणाले, "म्हणजे हापूसच की!" हापूसची सगळी कलमं म्हणजे मुळात एकच झाड. एकाला जे बाधेल ते सगळ्यांना बाधेल. रायवळाची कोय लावली, की प्रत्येक झाड वेगळं. बागेत हापूस ठीक, तिथे फवारायला माणूस असतो. जंगलाला कोण फवारणार? आज तांबेऱ्याला पुरून उरलेलं झाड उद्याच्या दुष्काळात टिकेलच असं नाही. पन्नास वर्षांनी कुठला गुण कामी येईल, ते आज सांगता येत नाही.

म्हणूनच वेगवेगळ्या डोंगरांवरच्या, वेगवेगळ्या झाडांचं बी शीतगृहात जपून ठेवतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तर २००७पासून हे बी झाडाच्या आजच्या हद्दीच्या बरंच उत्तरेला पेरून पाहिलं, आणि ते तिथेही उगवलं. क्रेटर लेकच्या काठावरही रोगाला तोंड देणाऱ्या झाडांची रोपं लावली आहेत. त्यांना भरपूर शंकू धरायला साठ-ऐंशी वर्षं लागतील. लावणाऱ्यांपैकी किती जण ते बघतील?

हे सगळं ऐकून बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या बांधावरचे पाच रायवळ मीच तोडले, कलमांना जागा हवी म्हणून. विहिरीजवळच्या त्या आंब्याची चव पुन्हा कुठे मिळाली नाही." आम्ही तो आंबा लहानपणी खाल्ला होता. त्याची एक कोयही कुणी जपली नाही.

तर मंडळी, पुढच्या खेपेला क्रेटर लेकला जाल, तेव्हा पाण्याकडे बघून झालं की मागेही वळून बघा. एका जुडग्यात पाच सुया दिसल्या, तर तो व्हाइटबार्क असू शकेल. मुलांना दाखवा. आणि पायवाट सोडून चालू नका. पायाखाली येणारं वीतभर रोप कदाचित पुढच्या हजार वर्षांचं झाड असेल.