भूमिकाक्रीडेतील पात्रांचे घर

चारसहा मंडळी एका मेजाभोवती बसतात. संचालक एका काल्पनिक सृष्टीचे कथन करतो, आणि प्रत्येक खेळाडू तीतील एकेका पात्राच्या वतीने निर्णय घेतो. या संभाषणात्मक खेळास येथे भूमिकाक्रीडा म्हटले आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ही परंपरा सामान्यतः मोजली जाते. पात्र भुयारात उतरते, राक्षस मारते, धन घेऊन वर येते. वर येऊन ते जाते कोठे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी पात्राचे चारित्र्य बव्हंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

मूळ नियमांत घर हे पराक्रमाचे फळ होते. उच्च पदास पोहोचलेला योद्धा गढी बांधून सरदार होई आणि प्रजेकडून दरसाल दरडोई १० सुवर्णमुद्रा कर घेई. पुढे गायगॅक्सच्याच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या १९७९ सालच्या साहसकथेत नवख्या पात्रांनाही आश्रय मिळाला: सरहद्दीवरचा एक कोट, त्यात सराई, देवालय, लोहारशाळा, सावकारी पेढी. मात्र तेथील रहिवाशांना नावे नाहीत. किल्लेदार, धर्मोपदेशक, लोहार असे हुद्देच आहेत. ती संचालकाने द्यावीत, असा हेतू असावा. परंतु कोणाजवळ किती धन आहे याची नोंद मात्र चोख केलेली आढळते! असा कोट हा मुक्काम होय, घर नव्हे. परतण्यास ठिकाण नसलेल्या अशा पात्रांस खुद्द खेळाडूच उपहासाने ‘भटके खुनी’ म्हणतात.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ने (१९८५) हा क्रमच पालटला. आर्थर राजाच्या काळातील सरदारांचा हा खेळ. त्यात वर्षाकाठी बहुधा एकच मोहीम असते. मग हिवाळा येतो आणि सरदार आपल्या जहागिरीवर परततो. पीक कसे आले, तबेल्यातील घोडा जगला काय, विवाह जुळला काय, मूल वाचले काय, हे सारे फाशांवर ठरते. पस्तिशीनंतर शरीर झिजू लागते. सरदार मेला तर खेळाडू त्याच्या वारसाची भूमिका घेतो. त्यामुळे रणांगणावर माघार घ्यावी की नाही, या निर्णयास घरी असलेल्या अल्पवयीन मुलाचे वजन येते. नियमांच्या कोष्टकांतून असा भावार्थ निर्माण व्हावा, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

घराचा दुरुपयोगही होतो. कथेला गती हवी म्हणून संचालक गाव जाळतो, बहिणीला पळवून नेववितो. असे दोनदा घडले की खेळाडू शहाणे होतात आणि पुढच्या वेळी निर्वंश, अनाथ पात्रेच निर्माण करतात. आप्त नसले म्हणजे ओलीसही नसतात. याचा अर्थ घर सदैव सुरक्षित ठेवावे असा नाही. संकट घराच्या चालीरीतींतूनच उद्भवले, तर खेळाडूस ते लादल्यासारखे वाटत नाही. जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’त (१९८७) मांत्रिकांचा एक मठ असतो. त्याचे उत्पन्न, ग्रंथालय व भांडणे सर्वांची सामाईक असतात; इतकेच नव्हे, तर तेथील पहारेकऱ्यांच्या भूमिकाही खेळाडू आळीपाळीने करतात. गेल्या खेपेस स्वतः वठविलेला पहारेकरी आज आपल्याच मांत्रिकाच्या हट्टापायी मरणाच्या दारी धाडावा काय, हा प्रश्न तेथे खेळाडूस मेजावरच सोडवावा लागतो.