‘छान’च्या पुढचा शेरा

सटाण्यातला विद्यार्थी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या स्थिरचित्राच्या सरावाला डाळिंब रंगवतो, तेव्हा नुसतं ‘छान’ त्याला काहीच शिकवत नाही. ‘सालीवरची चमक कोरा कागद राखून छान सांभाळलीस, आता सावलीत थोडा निळा मिसळून बघ’ म्हटलं, की हात पुढे सरकतो. मानसशास्त्रज्ञ म्युलर आणि ड्वेक यांचे पाचवीच्या मुलांवरचे कौतुकाविषयीचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयश येताच कच खात. मेहनतीला दाद मिळालेली नेटानं टिकत. मग परीक्षेतली ‘अ’ श्रेणी पुरेशी नाही का? दहावीला तिचे ७ गुण मिळतात खरे, पण डाळिंबाचा मुकुट कुठे वाकडा झाला, हे श्रेणी सांगत नाही. वर्गभराच्या वह्या तपासणाऱ्या कलाशिक्षकाला एवढा वेळ कुठला, ही तक्रार मात्र रास्त. तरी रोज दोन चित्रांपाशी थांबता येतंच.