पावलांची गणती

एका वर्षी जून महिन्यात एक गृहस्थ आपल्या चार वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. 'गुरुजी, याला पन्नासपर्यंत आकडे येतात,' असे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले. मुलानेही एका दमात पन्नास गाठले. मग आम्ही चिंचोक्यांची परडी पुढे ठेवून पाच चिंचोके मागितले. त्याने मूठभर चिंचोके आमच्या ओंजळीत ओतले! वडिलांचा चेहरा उतरला. परंतु दोष मुलाचा नव्हता. आकडे म्हणणे आणि वस्तू मोजणे ही दोन निरनिराळी कामे होत, हे त्याला कोणी दाखविलेच नव्हते.

मोजणाऱ्यास आकड्यांचा क्रम तर राखावा लागतोच. शिवाय एका वस्तूस एकच आकडा द्यावा लागतो, आणि शेवटी उच्चारलेला आकडा हा त्या शेवटच्या वस्तूचा नसून साऱ्या समूहाचा आहे, हे उमजावे लागते. रोशेल गेलमन व गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात या तत्त्वांची उत्तम फोड केली आहे. मोठ्यांस हे इतके सोपे वाटते की, त्यात शिकविण्याजोगे काही आहे हेच आपण विसरतो.

येथे खेळ उपयोगी पडतो. चिंचोक्यांवरून बोट फिरविताना मुलाची जीभ बोटाच्या पुढे धावते. उडी मारताना तसे होत नाही. पाय भुईस टेकल्याखेरीज दुसरी उडी निघत नाही. म्हणून आम्ही अंगणात खडूने घरे आखतो आणि एका घरास एक उडी, एका उडीस एक आकडा, असा नेम ठेवितो. मात्र मुलास पहिल्या घराबाहेर उभे करावे. नाही तर ज्या घरात ते उभे असते त्यालाच ते 'एक' म्हणते आणि उड्यांचा हिशेब चुकतो. कधी आम्ही पाठीमागून टाळ्या वाजवितो. जितक्या टाळ्या तितक्या उड्या. पाचव्या उडीस थांबवून 'एकंदर किती झाल्या?' असे अवश्य विचारावे. जे मूल पुन्हा एकापासून आरंभ करते, त्याला शेवटच्या आकड्याचा अर्थ अजून कळलेला नाही असे समजावे. त्याला रागे भरू नये. आणखी खेळू द्यावे.

शून्य शिकविण्याची डॉ. मारिया माँटेसरी यांची युक्ती तर फारच गमतीची आहे. १९०७ साली रोम शहरात त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्या मुलास आपल्याकडे शून्य वेळा येण्यास सांगत. मूल धावत येई. तेव्हा तू तर एकदा आलास, असे त्या दाखवून देत. हळूहळू मुलांस जागच्या जागी बसून राहण्याचे मर्म कळे, आणि हसू आवरत नसे.

दहाच्या पुढे मात्र घाई नको. मराठीत 'एकोणतीस' म्हणजे एक उणे तीस. हे लहानग्यास कसे कळावे? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा वाद माजला! त्यात आम्ही शिरत नाही. चार वर्षांच्या मुलास दहा पक्के आले तरी आम्हांस पुरे आहे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनो, घरी पाने मांडताना धाकट्या भावंडास हाताशी घ्या. जेवणारे किती, वाट्या किती, हे त्यालाच आणून मांडू द्या. एखादी वाटी कमी पडली तर ती कोणाची, हे तोच शोधील.

त्या मुलाने दिवाळीच्या सुटीपूर्वी आमच्या शाळेचा जिना चढून येऊन सांगितले, 'गुरुजी, अकरा आहेत.' आम्ही तो जिना नित्य चढतो. पण पायऱ्या त्या दिवशी प्रथमच मोजल्या. अकराच होत्या.