पायी वनभ्रमण आणि टेलिफोटो भिंगाची निवड

वन्य प्राण्याचे छायाचित्र हे प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला केवळ प्रेक्षणीय चित्र नसून ती एक नोंद असते. प्राणी कोणत्या जातीचा आहे, तो काय खात होता, त्याचे घरटे वृक्षाच्या कोणत्या भागात होते, या प्रश्नांची उत्तरे त्या नोंदीतून मिळावयास हवीत. त्यासाठी दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा देणारे भिंग लागते, हे उघड आहे. परंतु जो अभ्यासक वाहनातून न जाता पायी हिंडतो, त्याच्या बाबतीत ‘जितके लांब भिंग तितके चांगले’ हा समज फसवा ठरतो. प्राण्याचे अंतर, स्थळीचा प्रकाश आणि दिवसभर वाहावयाचे वजन या तिहींचा मेळ घालूनच त्याला भिंग निवडावे लागते.

टेलिफोटो ही संज्ञा काटेकोर अर्थाने विशिष्ट रचनेच्या भिंगालाच लागू पडते. त्यात पुढील बाजूस अभिसारी व मागील बाजूस अपसारी भिंगसमूह असतो आणि त्यामुळे भिंगाची प्रत्यक्ष लांबी त्याच्या केंद्रांतरापेक्षा कमी राहते. इंग्लंडमध्ये डालमेयर आणि जर्मनीत मीटे यांनी १८९१ च्या सुमारास अशी भिंगे स्वतंत्रपणे सिद्ध केली. पायी हिंडणाऱ्याला लांब केंद्रांतराचे भिंग पाठपिशवीतून नेता येते, ते या रचनेमुळेच.

निवडीचे गणित साधे आहे. संवेदकावरील प्रतिमेची उंची काढण्यासाठी वस्तूच्या उंचीला केंद्रांतराने गुणावे आणि अंतराने भागावे. भीमाशंकरच्या अरण्यातील शेकरूचे उदाहरण घेऊ. १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे वन शेकरूच्या वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो आणि उंच वृक्षांच्या माथ्यावरून उड्या घेत हिंडतो. शेपटी वगळता त्याचे शरीर ४० सेंमी. आणि अंतर २० मीटर धरले, तर ३०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने ६ मिमी., ४०० मिमी.च्या भिंगाने ८ मिमी. आणि ६०० मिमी.च्या भिंगाने १२ मिमी. प्रतिमा मिळते. पूर्ण आकाराच्या संवेदकाची उंची २४ मिमी. असल्याने ६०० मिमी.च्या भिंगाने शेकरू निम्मी चौकट व्यापते. एपीएस-सी प्रकारच्या लहान संवेदकाची उंची सुमारे १५.६ मिमी. असते. त्यामुळे त्यावर जवळपास तेच प्रमाण ४०० मिमी.च्या भिंगाने साधते. लहान संवेदक एकंदरीने कमी प्रकाश गोळा करतो, हा त्यातील तोटा. पण पाठीवरचा भार बराच हलका होतो, हा लाभ.

वजनाचे मूळ भिंगाच्या व्यासात आहे. केंद्रांतराला एफ-अंकाने भागले म्हणजे द्वारकाचा व्यास मिळतो. ४०० मिमी. एफ/५.६ भिंगाला तो सुमारे ७१ मिमी. लागतो, तर ४०० मिमी. एफ/२.८ भिंगाला तब्बल १४३ मिमी. म्हणूनच कॅननच्या ४०० मिमी. एफ/२.८ भिंगाची तिसरी आवृत्ती, हलकी करूनही, २८४० ग्रॅम भरते. उलट त्याच कंपनीचे २०२१ मधील १००–४०० मिमी. झूम भिंग अवघे ६३५ ग्रॅम आहे. मात्र ४०० मिमी.ला त्याचे द्वारक एफ/८ पर्यंतच उघडते. प्रकाशाच्या विवर्तनाचा उपयोग करणारी भिंगे हा मधला मार्ग होय. निकॉनचे २०१५ मधील ३०० मिमी. एफ/४ भिंग ७५५ ग्रॅम, तर २०१८ मधील ५०० मिमी. एफ/५.६ भिंग १४६० ग्रॅम वजनाचे आहे. अशा भिंगांत तीव्र प्रकाशस्रोत चौकटीत किंवा तिच्या लगत आल्यास रंगीत वलये उमटण्याचा संभव असतो.

खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भीमाशंकर चढणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. पाणी, शिधा व कॅमेरा यांच्या जोडीला तीन किलोंचे भिंग आले की ते पाठपिशवीत बंद राहते; आणि बंद पिशवीतील भिंगाने नोंद होत नाही.

तथापि केवळ हलकेपणाही कामाचा नाही. सदाहरित वनाच्या छायेत प्रकाश तुटपुंजा असतो. एफ/५.६ ला जेथे १/२५० सेकंदाचा प्रकाशनकाळ पुरतो, तेथे संवेदनशीलता तीच ठेवल्यास एफ/११ ला सुमारे १/६० सेकंद द्यावा लागतो. प्रतिमास्थिरीकरणाने हाताचा कंप आवरतो. उडी घेणाऱ्या प्राण्याची गती आवरत नाही.

दुसरी मर्यादा दृष्टिक्षेत्राची आहे. पूर्ण आकाराच्या संवेदकावर ६०० मिमी.चे भिंग २० मीटर अंतरावर जेमतेम १.२ मीटर रुंदीचा पट्टा दाखविते. शेकरूची उडी त्याच्या कितीतरी पलीकडे जाते. अशा वेळी आखूड केंद्रांतरावर प्राणी हेरून मग प्रतिमा वाढवू देणारे झूम भिंग उपयोगी पडते. शिवाय घनदाट रानात पर्णराजीच दृष्टी अडविते, त्यामुळे अतिलांब भिंगाची शक्ती बहुधा वाया जाते. उघड्या सड्यावर किंवा माळावर अंतरे मोठी असतात आणि तेथे ५०० ते ६०० मिमी.ची गरज खरी असते; पण दुपारी तापलेल्या हवेच्या थरथरीने दूरची प्रतिमा विरघळते, आणि कोणत्याही भिंगाने ती सुधारत नाही.

सबब घाट चढून वनात काम करणाऱ्याने एपीएस-सी संवेदकाचा कॅमेरा व ३०० ते ४०० मिमी.चे, शक्यतो एफ/५.६ किंवा त्याहून अधिक उघडणारे भिंग घ्यावे आणि दोहोंचे वजन दोन किलोंच्या आसपास ठेवावे, हे युक्त दिसते. त्याहून मोठ्या भिंगाचे समर्थन एकाच कारणाने होऊ शकते: घरट्याजवळ न जाता नोंद घेणे. अंतर कमी करण्यासाठी अभ्यासक पुढे सरकला आणि प्राणी बिचकून आपले वर्तन बदलू लागला, तर छायाचित्र कितीही सुस्पष्ट असो, त्यातील नोंद सहज वर्तनाची राहत नाही. म्हणून आधी प्राण्याला मानवणारे अंतर निश्चित करावे व मग त्या अंतराला पुरेल असे भिंग निवडावे. हा क्रम उलटला की नोंदीचे शास्त्रीय मूल्य उणावते.