मराठवाड्याचे कापड, रोमचे मद्य

गोदावरीच्या खोऱ्यात वसलेल्या परभणीपासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात पैठण, भोकरदन आणि तेर ही तीन प्राचीन नगरे येतात. सातवाहनांच्या काळात, म्हणजे स्थूलमानाने इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या आणि नंतरच्या पहिल्या दोन शतकांत, या तिन्ही नगरांचा माल रोमन साम्राज्यापर्यंत पोहोचत होता. रोमन सत्ता दख्खनमध्ये कधीही आली नाही, त्यामुळे येथे रोमन स्नानगृहे किंवा रंगमंडले सापडण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. येथे त्या जगाची ओळख पटते ती खापरांतून, मण्यांतून, मातीच्या पदकांतून आणि हस्तिदंती कामातून. राजांच्या लढायांपेक्षा या किरकोळ वस्तू दोन्हीकडच्या रोजच्या जगण्याविषयी अधिक बोलतात.

या व्यापाराचा सर्वांत उपयुक्त लेखी पुरावा म्हणजे ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतील प्रवासपुस्तक. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका अनाम व्यापाऱ्याने लिहिलेल्या या पुस्तकात तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतची बंदरे आणि तेथे खपणारा माल यांची नोंद आहे. त्यानुसार बॅरिगाझा, म्हणजे आजचे भरुच, या बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण होते आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. तेर प्रत्यक्षात पैठणच्या आग्नेयेला असल्याने दिशेचा मेळ पुरता बसत नाही; अंतराचा मात्र बसतो. भरुच ते पैठण हे सरळ अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणि पैठण ते तेर सुमारे दीडशे किलोमीटर भरते, म्हणजे दोन्ही टप्प्यांत दिवसाला पंधरा-सतरा किलोमीटरची सरासरी येते. रस्त्याची वळणे धरली तर ती थोडी वाढते, आणि मालाने लादलेल्या बैलगाडीला एवढीच चाल झेपते. हा माल गाड्यांतून, वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून येतो, असेही पेरिप्लसकार सांगतो.

पैठणहून अकीक जात असे आणि तेरहून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल. दोन्ही वस्तू या भूमीच्याच पोटातल्या होत्या. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातल्या पोकळ्यांत सिलिकेचे थर साचून अकीक तयार होतो आणि खडक झिजला की गोटे नदीपात्रात येतात. त्यांतल्या पट्टेदार दगडाला रोमन जवाहिरे फार मानत, कारण वरचा पांढरा थर कोरून आकृती उठवली की खालचा गडद थर आपोआप पार्श्वभूमी होत असे. प्रतिष्ठित रोमन माणसाच्या बोटात मुद्रेची अंगठी असे आणि दस्तऐवजावर मेणात तिचा ठसा उमटवला जाई; भारतीय दगडाला तेथे मोल होते ते या रोजच्या गरजेमुळेही.

कापसाची गोष्ट परभणीकरांना जवळची वाटावी अशी आहे. त्या काळी काळ्या मातीत पिकणारा कापूस देशी जातीचा होता. आज शेतांत सर्वत्र दिसणारा संकरित कापूस मूळच्या अमेरिकी जातीपासून आलेला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘तुराब’सारखे देशी कापसाचे वाण विकसित केले, त्यांची वंशरेषा या जुन्या कापसाशी जुळते.

मालाच्या बदल्यात भरुचला काय उतरत असे, याची पेरिप्लसमधील यादी मोठी मनोरंजक आहे: तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी आणि मद्य. मद्यांत इटलीच्या मद्याला पहिली पसंती होती. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि सुंदर मुलीही आणल्या जात. या नोंदीकडे व्यापाराचे गोडवे गाताना सहसा काणाडोळा केला जातो.

मद्य येई ते ‘अँफोरा’ नावाच्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या उंच रांजणांतून. असा रांजण जमिनीवर उभा राहत नाही. पण जहाजाच्या तळाशी एकावर एक रचायला तो सोयीचा, आणि बुडाचे टोक ओतताना धरायला उपयोगी पडते. मद्य पाझरू नये म्हणून त्याला आतून राळेचा लेप देत. प्रवरेकाठच्या नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात अशा रांजणांची खापरे मिळाली. तथापि भारतात रोमन म्हणून नोंदलेली सर्वच खापरे रोमन नव्हेत. रोबर्टा टॉम्बर यांच्या फेरतपासणीत त्यांपैकी पुष्कळशी मेसोपोटेमियातून आलेल्या, बिनकानाच्या आणि आतून डांबर फासलेल्या रांजणांची ठरली, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील रोमन मद्याच्या वर्णनांना थोडी कात्री लावावी लागते.

आयात वस्तूंहून लक्षवेधी आहे ती येथील कारागिरांनी त्यांना दिलेली कलाटणी. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून केओलिन या पांढऱ्याशुभ्र मातीच्या सुबक मूर्ती मिळाल्या आहेत. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळ्या साच्यांत काढून, दोन्ही अर्धे जोडून त्या आतून पोकळ ठेवल्या जात. हे दुहेरी साच्याचे तंत्र रोमन संपर्कातून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पण त्यांतल्या स्त्रियांचा केशसंभार आणि दागिने अस्सल दख्खनी आहेत. दख्खनमधील सातवाहनकालीन स्थळांवर रोमन नाण्याच्या नमुन्यावरून बनवलेली मातीची पदकेही सापडतात. ओवण्यासाठी नाके किंवा छिद्रे असलेल्या या पदकांवर सम्राटाचे मुख असे; म्हणजे रोममध्ये ज्याने कर भरायचा ते नाणे येथे गळ्यातला अलंकार झाले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या नगरातील वस्तूंचा मोठा संग्रह जपलेला आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती मात्र थेट पश्चिमेकडून आलेली आहे.

उलट दिशेच्या प्रवासाचे ठळक उदाहरण इटलीतील पॉम्पेई येथे मिळाले. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हे शहर राखेखाली गाडले गेले आणि म्हणूनच तेथील घरे, रस्ते, भित्तिचित्रे टिकली. सधन पॉम्पेईकराच्या घराच्या मध्यभागी जुन्या वाड्यातल्या चौकासारखी जागा असे. तिच्या छपराला मध्ये झरोका ठेवत आणि त्यातून पडणारे पावसाचे पाणी खालच्या उथळ हौदात साठे. भिंतींवर पुराणकथांची रंगीत चित्रे असत. अशाच एका घरात १९३८ साली अमेदेओ मायुरी यांना सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. दागिन्यांनी मढलेली स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या दासी, असे तिचे रूप आहे. डोक्यातील छिद्रावरून ती आरशाची मूठ किंवा लहान चौरंगाचा पाय असावी. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता यक्षी मानण्याकडे कल आहे. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन चलनातील मोठी रक्कम, बाहेर जाते अशी कुरकुर करणारा ग्रंथकार प्लिनी याच उद्रेकात मरण पावला.

ही मूर्ती मराठवाड्यात घडली असावी, असे म्हणण्यास आधार आहे. भोकरदनच्या उत्खननात तशाच हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला आणि तेरलाही त्याच धाटणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. आक्षेप घेतला जातो तो पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी कोरलेल्या खरोष्ठी अक्षरामुळे, कारण ही लिपी वायव्य भारताची. अफगाणिस्तानातील बेग्रामच्या हस्तिदंती कामाशीही मूर्तीचे साम्य दाखवले जाते. परंतु भरुचवर सत्ता असलेल्या क्षहरात राजा नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीबरोबर खरोष्ठी लेखही आहे. पैठण-तेरचा माल ज्या बंदरातून जहाजावर चढत होता तेथे ही लिपी परकी नव्हती, तेव्हा केवळ एका अक्षराच्या बळावर भोकरदनचा दावा निकालात काढता येत नाही.