सुट्टीनंतरचे घर आणि रांजणातले पाणी



दिवाळीच्या सुट्टीत काय केले यावर पुष्कळ जणांनी लिहिले आहे. किल्ला, फटाके, फराळ हे सगळे शेजारच्या कागदांवर आहेच. म्हणून गुरुजी मला म्हणाले, "तू सुट्टी संपल्यावर घरी काय झालं ते लिही. त्यातून सगळ्यांना आरोग्याची माहिती मिळेल." मी आधी नको म्हटले, कारण त्यात माझी एक चूक आहे. पण ती सांगितल्याशिवाय माहिती पुरी होत नाही, म्हणून लिहिते.

आपले गाव माण तालुक्यातले. माझे आजोळ कराडजवळ, कृष्णेच्या काठी. तिकडे सगळीकडे हिरवागार ऊस आणि नळाला रोज पाणी. मामी अंघोळीला दोन-दोन बादल्या देते. इकडे आपल्याकडे नळ तीन दिवसांनी येतो, म्हणून प्रत्येकाच्या घरी रांजण, पिंप, कळशा भरून ठेवलेल्या असतात. तुम्हांला हे माहीतच आहे, पण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सुट्टीत आम्ही १२ दिवस आजोळी होतो. वडील मुंबईला कामाला असतात, तेही भाऊबीजेला तिकडेच आले आणि तिकडूनच परत गेले. आज्जी आत्याकडे गेली होती. शेळी शेजारच्या काकूंकडे ठेवली होती. म्हणजे आमचे घर पूर्ण १२ दिवस बंद होते.

शनिवारी संध्याकाळी आई, मी आणि माझा दीड वर्षाचा भाऊ एस.टी.ने परत आलो. आज्जी आधीच येऊन काकूंच्या ओट्यावर बसली होती, कारण किल्ली आईजवळ. कुलूप काढले तर आतून कोंदट वास आला. उंदरांनी ज्वारीच्या पोत्याला भोक पाडले होते. चुलीच्या राखेत एक मांजर झोपले होते. ते कोठून आत आले ते अजून आम्हांला कळलेले नाही, आणि मांजर असून उंदरांनी पोते कसे फोडले तेही कळले नाही.

बाळ तर आपले घर विसरूनच गेला होता. उंबऱ्यात उभा राहून रडायला लागला आणि "मामा, मामा" करू लागला. त्याला ताटली-वाटी वाजवायला दिली तेव्हा कोठे गप्प झाला. माझेही तसेच झाले होते, फक्त मी रडले नाही. आजोळी आम्ही भावंडे रात्री ११ वाजेपर्यंत जागायचो आणि उन्हे वर आल्यावर उठायचो. इकडे आईने पहिल्याच दिवशी ६ ला उठवले. सोमवारी शाळेत पाढे म्हणताना मला जांभया येत होत्या ते सर्वांनी पाहिले आहे. सुट्टी संपायच्या आधी चार दिवस रोज थोडे लवकर झोपले तर असा त्रास होत नाही, असे गुरुजी सांगतात. पण सुट्टीत लवकर कोण झोपतो?

रविवारी आईने घर काढले. वाकळा आणि चादरी कडक उन्हात टाकल्या, त्यामुळे कोंदटपणा आणि ओल जाते. डब्यातला उरलेला फराळ वास घेऊन पाहिला. ज्याला खवट वास आला तो टाकला, बाकीचा तीन दिवसांत संपवायचा असे ठरले. (तो एका दिवसात संपला.) थंडी पडू लागली आहे म्हणून रात्री पायांना खोबरेल तेल लावायचे, नाहीतर भेगा पडतात. ही कामे सोपी आहेत, ती सर्वांच्या घरी होतात.

आता पाण्याचे सांगते.

मोरीतल्या पिंपात आम्ही जाताना अर्धे पाणी ठेवले होते. आईने झाकण काढले तर आत बारीक बारीक किडे वळवळत होते. त्या डासांच्या अळ्या असतात. डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्या अंड्याची अळी होते, मग कोष होतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. डेंग्यूचा डास तर घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच होतो, आणि तो दिवसा चावतो. आमचे घर १२ दिवस बंद होते, म्हणजे काही डास उडूनही गेले असतील. आईने ते पाणी अंगणात कोरड्या मातीवर ओतले. गटारात ओतायचे नाही, तिथे अळ्या जगू शकतात. मग पिंप आतून घासून उन्हात पालथे घातले, कारण कडेला चिकटलेली अंडी घासल्याशिवाय निघत नाहीत.

मग आईने मला सांगितले, "रांजणातलं पाणी झाडांना घाल, अन् रांजण आतनं शेंडीनं घास."

मी रांजणात डोकावून पाहिले. पाणी अर्धे होते आणि अगदी नितळ दिसत होते. एक पण किडा नव्हता. नळ सोमवारी येणार होता. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर येतो तेव्हा एका कळशीसाठी किती भांडणे होतात ते मी पाहिले आहे. एवढे चांगले पाणी ओतायचे माझ्या जिवावर आले. हे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. बाहेर मुली खेळायला हाका मारत होत्या आणि रांजण घासायला हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, हेही खरे आहे. मी रांजण नुसता बाहेरून पुसला आणि झाकण ठेवले. आईने विचारले, "घासला का गं?" मी "हो" म्हणाले.

सोमवारी नळ आला. आईने त्याच पाण्यावर नवे पाणी भरले.

मंगळवारी रात्री बाळाला जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे होत होते. दोनदा उलटीही झाली. पहाटेपर्यंत आईने सात-आठ लंगोट बदलले. तो पाणी मागत होता, पण आज्जी म्हणाली, "पानी पाजू नगंस. पानी दिलं की आनिक जुलाब हुत्यात." आईला काय करावे कळेना. सकाळी बाळ रडत होता पण डोळ्यांतून पाणी येत नव्हते. ते पाहून मला भीती वाटली. मी धावत जाऊन आपल्या आशाताईंना बोलावून आणले.

ताईंनी आधी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. चांगल्या मुलाची कातडी लगेच सपाट होते. बाळाची हळूहळू बसली. डोळे पण खोल गेले होते. म्हणजे अंगातले पाणी कमी झाले आहे. ताई आज्जीला म्हणाल्या, "आज्जी, जुलाबानं लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी गेल्यामुळं. पाणी बंद करायचं नाही, जास्त द्यायचं." आज्जी काही बोलली नाही. तिच्या वेळी सगळे असेच करत होते, त्यात तिची चूक नाही.

मग ताईंनी पिशवीतून ओ.आर.एस.ची पुडी काढली. तिला जलसंजीवनी म्हणतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी टाकायची. अर्धी पुडी करायची नाही आणि वरून साखर पण घालायची नाही. लिटरचे माप नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली घ्यावी. तयार पाणी २४ तासांत संपवायचे, उरले तर टाकून द्यायचे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला द्यायचे. ते चमच्या-चमच्याने द्यायचे, घाई करायची नाही. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यायचे.

पुडी नसेल तर घरी पण करता येते. एक लिटर पाण्यात चहाचे ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट भरायचा, शीग नको. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो, म्हणून आधी आपण चाखून पाहावे. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.

मी शाळेत गुरुजींना विचारले की साखर कशाला? ते म्हणाले, जुलाबात आतड्याला नुसते मीठ आणि पाणी नीट शोषून घेता येत नाही. पण साखर असली की ती मिठाचा हात धरून त्याला आत नेते, आणि त्या दोघांच्या मागे पाणी जाते. मग त्यांनी आम्हांला एक खरी हकीकत सांगितली. १९७१ साली बांगलादेशचे युद्ध झाले तेव्हा लाखो लोक आपल्या देशात आश्रयाला आले. पश्चिम बंगालमध्ये बनगाव येथे त्यांच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर (ग्लुकोज), मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितले. आधी शंभरातली सुमारे ३० माणसे दगावत होती, ती ४ च्याही आत आली. हे डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. मला वाटते त्यांचा फोटो आपल्या वर्गात लावावा.

आता पुन्हा घरी. ताईंनी आईला विचारले, "पिण्याचं पाणी कुठलं? रांजण कधी धुतला?" आई म्हणाली, "रविवारीच धुतला की हिनं."

माझ्या पोटात गोळा आला. मी बाळाकडे पाहिले. मग मी म्हणाले, "आई, मी धुतला नाही. खोटं बोलले."

मला वाटले आई मारेल. तिने मारले नाही. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, ते मारण्यापेक्षा वाईट होते. ताई म्हणाल्या, "रांजणामुळंच झालं असं नक्की नाही सांगता येत. प्रवासात काही खाल्लं असेल, न धुतलेला हात तोंडात गेला असेल. पण आता पहिल्यांदा तो रिकामा करा."

बाळाला उपकेंद्रात नेले. तिथल्या सिस्टरनी त्याला तपासले, आपल्यासमोर दोन तास चमच्याने जलसंजीवनी पाजायला लावली आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. रोज एक गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून १४ दिवस द्यायची. जुलाब थांबले तरी बंद करायची नाही, त्यामुळे पुढचे काही महिने पुन्हा जुलाब होण्याचा धोका कमी होतो. आईचे दूध चालू ठेवायचे. मऊ भात, वरणाचे पाणी, केळे द्यायचे, उपाशी ठेवायचे नाही. जुलाबातून रक्त पडले, मूल सुस्त झाले, पाणी पिईना, लघवी होईना किंवा उलट्या थांबेनात, तर घरी न थांबता लगेच दवाखान्यात न्यायचे. पालकांनी एवढे वाक्य तरी लक्षात ठेवावे.

दुपारी बाळाने लघवी केली. आई आणि आज्जी दोघी हसल्या. लघवीवर कोणी एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी मी रांजण रिकामा केला. पाणी वाया गेले नाही, ते कढीपत्त्याला आणि शेवग्याला घातले. मग हात खांद्यापर्यंत आत घालून शेंडीने घासला. तळाला बोटांना बुळबुळीत लागले. वरून नितळ दिसणाऱ्या पाण्याखाली तो थर होता. दोनदा विसळला तेव्हा बुळबुळ गेली. आता आम्ही पाण्यात मेडिक्लोरचे थेंब टाकतो, बाटलीवर लिहिले असतील तितकेच, आणि अर्धा तास थांबून मग पितो. पेला बुडवायचा नाही म्हणून आईने लांब दांड्याचे ओगराळे आणले आहे. आज्जी अजून विसरून पेला बुडवते. मग मी तिला ओरडते आणि ती मला ओरडते.

आमच्या घरी आता शनिवारी कोरडा दिवस असतो. त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करून घासायची. रांजण माझ्याकडे आहे. आई आता "घासला का?" असे विचारत नाही. स्वतः आत हात घालून बघते.

बाळ तिसऱ्या दिवशीच खेळायला लागला, त्यामुळे आई म्हणाली आता गोळ्या कशाला. पण मी माझ्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर १४ घरे आखली आहेत आणि रोज एकात फुली मारते. आज शनिवारी अकरावी फुली मारली. तीन घरे राहिली आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी