जुन्या माउंटन बाइकचे पुनरुज्जीवन

कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाइसच्या परिसरात १९७० च्या दशकात काही हौशी तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळू लागले आणि त्यातूनच माउंटन बाइक जन्माला आली. तेथील ‘रीपॅक’ या उताराचे नावच बोलके आहे. कारण खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबमधील, म्हणजे चाकाच्या मध्यभागातील, ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा वाटांसाठीच खास फ्रेम घडवली.

त्यानंतरच्या अनेक चांगल्या फ्रेम क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या असल्याने त्या आजही दुरुस्त करता येतात. मात्र पोलादी नळीत बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, ओलाव्यामुळे गंजून घट्ट चिकटतो. अशा वेळी ठोकाठोक न करता सांध्यात झिरपणारे तेल सोडून काही दिवस धीर धरणेच हिताचे ठरते.

बदल करतानाही मापे जुळावी लागतात: मागचा हब १३० मिलिमीटरचा आहे की १३५ चा, हे आधी मोजावे, तसेच जुन्या कॅन्टिलिव्हर ब्रेकच्या जागी व्ही-ब्रेक बसवल्यास त्यांना जास्त केबल ओढावी लागत असल्याने ब्रेकच्या मुठीही (लिव्हर) बदलाव्यात. मूळ रंग शाबूत असेल, तर तो जपावा. कारण त्यावरील ओरखडे हाच त्या सायकलचा खरा इतिहास असतो.